‘कीटो’ श्वानखाद्य : पिशवीवरचा शब्द आणि आतला घास

माणसांच्या आहारात जी लाट येते, ती काही वर्षांनी त्यांच्या पाळीव प्राण्यांच्या ताटलीपर्यंत पोहोचते, असा अनुभव आहे. कर्बोदके जवळजवळ वर्ज्य करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा ‘कीटो’ आहार याला अपवाद नाही. अमेरिकेत गेल्या दशकभरात कुत्र्यांसाठी ‘कीटो’ म्हणवणारे कोरडे खाद्य, गोठवलेले कच्चे मांस, खाऊच्या वड्या आणि तेले बाजारात आली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती दुकानात दिसतात आणि मुंबई-पुण्यातील श्वानप्रेमींपर्यंत त्यांची कीर्ती इंटरनेटवरून पोहोचते.

या खाद्याकडे वळणारा ग्राहक बहुधा हौशी नसतो. कोणाच्या कुत्र्याला वरचेवर फीट येत असते, कोणाच्या कुत्र्याला कर्करोगाचे निदान झालेले असते, कोणाचा लाडका लॅब्रेडॉर वजनामुळे जिना चढेनासा झालेला असतो. अशा मनःस्थितीत ‘शून्य धान्य’, ‘नैसर्गिक’, ‘पूर्वजांचा आहार’ हे शब्द आशा दाखवतात. कुत्र्याला मात्र ताटलीत येईल ते खावे लागते. त्यामुळे निवडीची सारी जबाबदारी मालकावर येते. ‘कीटो’ हा शब्द खाद्याचा दर्जाही सांगत नाही आणि त्याच्या सुरक्षिततेची हमीही देत नाही. या दोन्ही गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात आणि त्या कशा तपासायच्या, हे कोणाही सुजाण वाचकाला शिकता येण्यासारखे आहे.

मूळ कल्पना आणि कुत्र्याचे शरीर

शरीराला कर्बोदके मिळेनाशी झाली की यकृत स्निग्धाम्लांपासून ‘कीटोन’ नावाची संयुगे तयार करते आणि मेंदूसह अनेक अवयव ती इंधन म्हणून वापरतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी या तत्त्वावर आहार सुचवला आणि त्याला ‘कीटोजेनिक’ हे नाव दिले. त्याच्या मूळ कडक स्वरूपात प्रथिने व कर्बोदके मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ ३ ते ४ ग्रॅम, असे प्रमाण असते.

कुत्र्याच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. प्रौढ निरोगी कुत्र्याला आहारातून कर्बोदके मिळालीच पाहिजेत असे नाही. प्रथिनांपासून तो लागणारी साखर बनवू शकतो. गाभण व दूध पाजणाऱ्या कुत्रीचा मात्र अपवाद करावा लागतो. याचा अर्थ कर्बोदके कुत्र्याला विषासमान आहेत, असा नव्हे. जानेवारी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी लांडगे व कुत्रे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळल्या. माणसाच्या सहवासात राहून कुत्रा भाकरतुकडा पचवायला शिकला, हे त्याच्या जनुकांतच नोंदले गेले आहे. ‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा’ ही जाहिरातीतील प्रतिमा त्यामुळे अपुरी ठरते.

दुसरे असे की, कुत्र्याच्या शरीरात कीटोनची पातळी वाढवणे माणसाच्या तुलनेत अवघड असते. कुत्र्याला प्रथिनेही भरपूर लागतात. म्हणूनच बाजारातील बहुसंख्य ‘कीटो’ खाद्ये वस्तुतः ‘कमी कर्बोदकांची, अधिक प्रथिनांची’ असतात. त्यांनी कुत्र्याचे शरीर कीटोनवर चालू लागतेच असे नाही.

आधी आकडेमोड

पिशवीच्या मागील बाजूस प्रथिने व स्निग्धांश यांचे किमान आणि चोथा व ओलावा यांचे कमाल प्रमाण छापलेले असते. नेमका कर्बोदकांचा आकडा आजवर बहुतेक पिशव्यांवर नसे. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफको’ या संघटनेने २०२३ मध्ये लेबलचे नवे स्वरूप मंजूर केले असून त्यानुसार बदल टप्प्याटप्प्याने होत आहेत. जुन्या धाटणीच्या पिशवीवर कर्बोदके आपणच काढावी लागतात. रीत सोपी आहे. प्रथिने, स्निग्धांश, चोथा, ओलावा आणि राख, म्हणजे खनिजांश, यांची बेरीज करून ती १०० मधून वजा करावी. राखेचा आकडा नसेल तर कोरड्या खाद्यासाठी ७ ते ८ टक्के धरावा.

समजा, एका ‘कीटो’ खाद्यात प्रथिने ४०, स्निग्धांश ३२, चोथा ४, ओलावा ८ आणि राख ८ टक्के आहे. बेरीज ९२, म्हणजे कर्बोदके ८ टक्के. आता उष्मांक पाहू. पशुखाद्याच्या हिशेबात प्रथिने व कर्बोदके यांच्या दर ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या दर ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरतात. १०० ग्रॅम खाद्यात प्रथिनांच्या १४०, स्निग्धांशाच्या २७२ व कर्बोदकांच्या २८, एकूण ४४० किलोकॅलरी होतात. त्यांतील सुमारे ६२ टक्के उष्मांक स्निग्धांशाचे. कर्बोदके नक्कीच कमी आहेत. परंतु स्निग्धांश ३२ ग्रॅम, तर प्रथिने व कर्बोदके मिळून ४८ ग्रॅम. मूळ आहारातील चारास एक हे प्रमाण येथे एकास एकही भरत नाही.

डबाबंद ओल्या खाद्यात आकडे आणखी फसवे असतात. प्रथिने ९, स्निग्धांश ६, चोथा १, ओलावा ७८ व राख २ टक्के असेल तर कर्बोदके केवळ ४ टक्के दिसतात. पण त्या डब्यात पाणी वगळता उरणारा कोरडा भाग २२ टक्केच आहे. त्यातील ४ म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक झाले. ओले आणि कोरडे खाद्य यांची तुलना नेहमी पाणी वगळूनच करावी. शिवाय स्निग्धांशाचा छापील आकडा किमान असल्याने प्रत्यक्षातील प्रमाण त्याहून जास्त असू शकते. ज्या कुत्र्याला स्निग्ध पदार्थ सोसत नाहीत, त्याच्या मालकाने कंपनीकडून प्रत्यक्ष सरासरी मागवून घ्यावी.

घटकांची यादी वाचताना

घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मात्र हे वजन पाण्यासकट असते. ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते. त्यामुळे यादीत पहिले नाव ‘चिकन’ असले तरी पाणी उडाल्यावर त्याचा वाटा बराच खाली येतो. उलट ‘चिकन मील’, म्हणजे शिजवून पाणी व चरबी काढलेली मांसाची भुकटी, नावाने अनाकर्षक असली तरी प्रथिनांनी दाट असते. तिचा दर्जा कच्च्या मालावर अवलंबून असतो. म्हणून ‘चिकन मील’, ‘सामन मील’ असा प्राण्याचा स्पष्ट उल्लेख असणे हे नुसत्या ‘मीट मील’पेक्षा बरे लक्षण.

दुसरी क्लृप्ती विभागणीची. वाटाणा, वाटाण्याचे पीठ, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचा चोथा असे चार घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो आणि मांस वर राहते. चौघांची बेरीज मनाशी करावी म्हणजे चित्र पालटते. प्रथिनांचा आकडा मोठा दिसला तरी ती मांसातून आली की वाटाण्यातून, हे यातूनच कळते.

नावातही संकेत दडलेले असतात. अमेरिकी नियमांनुसार ‘बीफ डॉग फूड’ असे थेट नाव असेल तर पाणी वगळता ९५ टक्के बीफ असावे लागते. ‘बीफ डिनर’ म्हटले की २५ टक्के पुरते. आणि ‘बीफसह’ म्हटले की ३ टक्क्यांवर भागते.

यादीपेक्षाही महत्त्वाचे एक वाक्य पिशवीवर बारीक अक्षरांत असते. खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की ‘केवळ अधूनमधून वा पूरक म्हणून देण्यासाठी’ आहे, हे त्यात सांगितलेले असते. कच्च्या मांसाच्या वड्या व पूरक तेले अनेकदा दुसऱ्या वर्गात मोडतात. तेच रोजचे जेवण केले तर कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची उणीव हळूहळू पोखरत जाते. ‘संपूर्ण’ हा दावाही दोन प्रकारे करता येतो : कागदावर पाककृती जुळवून, किंवा प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून. प्रौढ कुत्र्यांसाठीची ‘आफको’ची चाचणी किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. ही चाचणी काही दीर्घायुष्याची हमी नव्हे. तथापि, ती झाली आहे का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ‘आफको’ स्वतः कोणत्याही खाद्याला मान्यता देत नाही, हेही ध्यानात असावे.

स्निग्धांश : बळ आणि धोका

ज्या खाद्याचे निम्म्याहून अधिक उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येतात, त्याचा दर्जा म्हणजे मुख्यतः त्या स्निग्ध पदार्थांचा दर्जा. तेल-तूप सर्वांत आधी खवट होते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. हवा, उष्णता व प्रकाश यांनी स्निग्धाम्लांचे ऑक्सिडीकरण होते. ई जीवनसत्त्व नष्ट होते आणि अपायकारक संयुगे तयार होतात. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले या बाबतीत विशेष नाजूक. म्हणून ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ यांसारखे संरक्षक द्रव्य यादीत असणे हा दोष नसून गरज आहे. ‘इथॉक्सिक्विन’ या कृत्रिम संरक्षकाविषयी मात्र शंका घेतल्या गेल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये उत्पादकांना त्याचे प्रमाण स्वेच्छेने कमी करण्यास सांगितले, तर युरोपीय संघाने २०१७ मध्ये पशुखाद्यातील त्याची परवानगी स्थगित केली.

आपल्याकडील दमट हवेत ही बाब अधिकच महत्त्वाची. परदेशातून आलेल्या पिशवीचे अर्धे आयुष्य प्रवासात व गोदामात संपलेले असू शकते. उत्पादनाची तारीख पाहावी, लहान पिशवी घ्यावी, उघडल्यावर ती मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पाच-सहा आठवड्यांत संपवावी. दुकानातील उघड्या पोत्यातून तोलून दिलेले सुटे खाद्य या प्रकारात तरी टाळावे. रंग उडालेले, जुन्या तेलाचा वास येणारे खाद्य स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

दुसरा धोका स्वादुपिंडाचा. स्निग्ध पदार्थांचा अचानक वा अतिरेकी भार काही कुत्र्यांत स्वादुपिंडाचा दाह घडवू शकतो. वारंवार उलट्या, अन्न नकोसे होणे, पोट दुखत असल्याने पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच धरणे, ही त्याची लक्षणे. हा आजार जिवावर बेतू शकतो. रक्तात चरबी वाढण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेले मिनिएचर श्नाउझर, स्थूल कुत्रे आणि पूर्वी हा त्रास होऊन गेलेले कुत्रे यांना असे खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याविना देऊच नये. निरोगी कुत्र्यालाही नवे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळून द्यावे.

धान्य नाही, मग आहे काय?

‘कीटो’ खाद्ये धान्यविरहित असतात. त्यांची जागा मांसाने व चरबीने घेतली असेल तर एक गोष्ट. वाटाणा, मसूर, चणा वा बटाटा यांनी घेतली असेल तर दुसरी. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा धान्यविरहित खाद्यांचा आणि हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय फुगण्याच्या विकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली. एप्रिल २०१९ अखेर त्यांच्याकडे ५२४ तक्रारी आल्या. त्यांपैकी ५१५ कुत्र्यांच्या होत्या. त्यांत नोंदलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक धान्यविरहित होती आणि बहुतेकांत वाटाणा वा मसूर होते. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये, ठोस नवी माहिती मिळेपर्यंत पुढील निवेदने देणार नसल्याचे प्रशासनाने सांगितले. आरोप सिद्ध नाही, शंका पूर्ण फिटलेलीही नाही. अशा वेळी पहिल्या पाच-सात घटकांत डाळवर्गाची गर्दी असलेले खाद्य टाळणे शहाणपणाचे.

दूषितता आणि भेसळ

कच्च्या मांसाचे खाद्य हा या बाजाराचा मोठा भाग. अमेरिकी प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या पाहणीत कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हे रोगजंतू आढळले. कुत्रा स्वतः धडधाकट दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून व लाळेतून हे जंतू घरात पसरू शकतात. घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध वा प्रतिकारशक्ती घटलेला रुग्ण असेल तर हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा राहत नाही. अतिउच्च दाबाच्या प्रक्रियेने जंतू बरेच कमी होतात. कंपनी ती वापरते का आणि प्रत्येक खेपेची तपासणी करून मगच माल बाहेर सोडते का, हे विचारावे. गोठवल्याने मात्र जंतू मरत नाहीत. ते निद्रिस्त राहतात.

भेसळीचा धडा २००७ सालचा आहे. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले होते. प्रथिनांचे प्रमाण नायट्रोजन मोजून ठरवतात आणि मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. चाचणीत प्रथिने भरपूर दिसत होती. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मार्च २००७ मध्ये एकट्या ‘मेनू फूड्स’ कंपनीला ६ कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवावी लागली. ‘उच्च प्रथिने’ हा आकडा स्रोताविना किती पोकळ असू शकतो, याचे याहून दाहक उदाहरण नाही.

मक्यासारख्या धान्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष. ‘कीटो’ खाद्यात मका नसल्याने हा धोका घटतो, हे मान्य करायला हवे. तथापि, जीवनसत्त्वांच्या मिश्रणातील चूक कोणत्याही खाद्यात होऊ शकते. २०१९ मध्ये ‘हिल्स’ या नामांकित कंपनीलाही ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे डबाबंद खाद्य परत मागवावे लागले. म्हणून पिशवी फेकण्यापूर्वी खेप क्रमांक टिपून ठेवावा.

रोग बरा करण्याचे दावे

अपस्माराबाबत उपलब्ध असलेला चांगला पुरावा काहीसा निराळ्या आहाराचा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये २१ कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम साखळीची स्निग्धाम्ले असलेले खाद्य दिले गेले. तिघा कुत्र्यांच्या फीट थांबल्या आणि सात जणांच्या निम्म्याने वा अधिक घटल्या. सहा कुत्र्यांना काहीच लाभ झाला नाही. हे सर्व कुत्रे औषधेही घेत होते. म्हणजे आहार औषधांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. यावरून घरच्या खोबरेल तेलाचा आधार घेणेही चूक. खोबरेल तेलात लॉरिक आम्लच सर्वाधिक. अभ्यासात महत्त्वाची मानलेली आठ व दहा कार्बनची आम्ले त्यात साधारण १५ टक्केच असतात.

पोटॅशियम ब्रोमाइड घेणाऱ्या अपस्मारी कुत्र्याच्या आहारातील मिठाचे प्रमाण बदलले की रक्तातील औषधाची पातळीही बदलते आणि थांबलेल्या फीट परतू शकतात. मधुमेही कुत्र्याचे खाद्य परस्पर बदलल्यास इन्सुलिनची मात्रा चुकू शकते. कर्करोगावर केवळ ‘कीटो’ आहाराने विजय मिळतो, असे दाखवणारा भक्कम नियंत्रित पुरावा नाही. अमेरिकी कायद्यानुसार रोग बरा करण्याचा दावा केला की ते खाद्य औषधाच्या कक्षेत येते. पिशवीवर असा दावा छापला असेल तर तीच धोक्याची खूण समजावी. वाढत्या वयाची पिल्ले व गाभण कुत्री यांच्यावर हा प्रयोग करूच नये.

घरच्या घरी करताना

बाजारचे महाग म्हणून घरीच मांस, अंडी व तूप यांचा ‘कीटो’ घास करण्याकडे अनेकांचा कल असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वानखाद्याच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम अत्यल्प असते. पशुपोषणतज्ज्ञाने आखून दिलेल्या कृतीविना हा मार्ग धरू नये.

माणसांसाठीचा ‘कीटो’ खाऊ तर कुत्र्यापासून दूरच ठेवावा. साखरेऐवजी त्यात कधी कधी झायलिटॉल असते. त्याचे ‘बर्च शुगर’ हे नावही लक्षात ठेवावे. माणसाला निरुपद्रवी असलेले हे द्रव्य कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवते आणि यकृतही निकामी करू शकते. दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढे प्रमाणही धोक्याचे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. ‘कीटो’ बेकरीत लोकप्रिय असलेले मॅकाडेमिया, कोको, तसेच कांदा-लसूण यांची पूडही कुत्र्याला बाधते.

विकत घेण्यापूर्वी

कंपनीला पत्राने वा ई-मेलने काही साधे प्रश्न विचारावेत. पाककृती कोणी आखली. त्या व्यक्तीकडे पशुपोषणाची पदवी आहे का? उत्पादन स्वतःच्या कारखान्यात होते की अन्यत्र? प्रत्यक्ष विश्लेषणाचे आकडे, स्निग्धांशाच्या ताजेपणाची चाचणी व जंतुतपासणीचे अहवाल मिळतील का? दर १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी? जी कंपनी नेमके आकडे देते, तिच्याशी व्यवहार करावा. जी ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘उत्कृष्ट’ अशी विशेषणेच परत पाठवते, तिची पिशवी दुकानातच राहू द्यावी.

त्यानंतर ते आकडे घेऊन पशुवैद्याकडे जावे. वजन, रक्तातील चरबी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी खाद्य बदलण्यापूर्वी एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. अमक्या कुत्र्याला हे खाद्य लागू पडले म्हणून तमक्याला पडेलच असे नाही. पुष्कळदा स्थूल कुत्र्याला ‘कीटो’ची गरजच नसते. मोजून दिलेले साधे संतुलित खाद्य, जेवणाच्या टेबलाखाली सरकवले जाणारे तुकडे बंद करणे आणि सकाळ-संध्याकाळ नियमित फेरी यांनी त्याचे काम भागते. दाट उष्मांकांचे ‘कीटो’ खाद्य पूर्वीच्याच वाटीने दिले तर वजन उलट वाढते. तेव्हा पिशवी कोणतीही आणली, तरी आधी वजनकाटा काढावा आणि मग वाटी भरावी.